अमेडझो हाऊस

बत्तीस वर्षं हे मुलग्यांचं हाऊस होतं.
यंदा मुली जास्त आल्या,
आणि असेंब्लीत मुख्याध्यापकांनी चष्मा पुसत,
नळाची वेळ बदलल्याचं सांगावं तसं सांगितलं :
अमेडझो आता मुलींचं.

मुलगे गाद्या डोक्यावर घेऊन
उतारावरून नव्या इमारतीकडे गेले.
जाताना काहींनी दाराला हात लावला,
काहींनी लाथ.
मला चाव्यांचा जुडगा मिळाला,
ज्यातल्या निम्म्या कशाच्याच नव्हत्या,
आणि पिवळ्या रंगाचे चार डबे.

वास मात्र कुणी नेला नाही.
घामाचा, रॉकेलचा, जुन्या शितो चटणीचा.
तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या,
हार्मटनचा वारा आला, बोटभर धूळ ठेवून गेला,
वास जिथल्या तिथे.

भिंती झाल्या. मग पलंग.
फो याओ सुतार खाली वाकला आणि हसत सुटला.
फळ्यांच्या खालच्या अंगाला,
खालच्या पलंगावर उताणं झोपणाऱ्यालाच दिसेल असं,
ब्लेडनं, कंपासनं, कशाकशानं कोरलेलं :
भूक.
आई पैसे पाठव.
एडेम साबणचोर.
चौथे आलो.
पुन्हा चौथे.
"रंधा मारू? एका दिवसाचं काम."
थांब म्हटलं. आधी वाचू दे.

मग मुली आल्या, चौसष्ट पेट्या, चौसष्ट बादल्या,
आणि यादीत असतो म्हणून
प्रत्येकीचा एकेक कोयता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
हाऊस म्हणजे घर नव्हे,
हे मी पहिल्याच रात्री सांगून टाकते.
घरात कुणी घंटेवर उठत नाही,
घराला गुण मिळत नाहीत,
घर चौथं येत नाही.
त्यातल्या एकदोघी रडतातच. रडू देते.

दिवे गेल्यावर खुसखुस ऐकली म्हणून गेले
तर खिडकीकडच्या तिसऱ्या पलंगावर
यायरा डोग्बे, टॉर्च छातीवर,
वरच्या फळीकडे बघत हसू दाबत होती.
फळीवर : सेनानू डोग्बे. गवत.
आणि खाली रेघा. मोजल्या, अकरा.
"माझे बाबा," ती म्हणाली.
"मला म्हणतात, शाळेत मी एकदाही
शिक्षेचं गवत कापलं नाही."
मी टॉर्च काढून घेतला.
नियम तो नियम, शनिवारी तिलाही
स्वयंपाकघरामागचं गवत दिलं.
ऊन चढेपर्यंत कापत होती,
तळहाताला फोड, आणि चेहऱ्यावर
काहीतरी मिळाल्यासारखं.

भेटीच्या रविवारी तो आला.
इस्त्रीचा शर्ट, तळलेली मासळी, गारीची पिशवी.
सरळ चालत आला, पाय वाट विसरले नव्हते,
आणि पायरीपाशी थबकला.
तिथली पाटी मीच रंगवली होती :
पुरुषांनी यापुढे येऊ नये.
त्यानं ती दोनदा वाचली.
मग मान वाकडी करून, लांबूनच,
खिडक्या मोजल्या.
"तिसरा पलंग आहे अजून?"
"मीच झोपते तिथे."
"काही... दिसतं का तिथं? वर?"
मी चाव्यांमध्ये उगीच एक शोधू लागले.
"नाही बाबा," यायरा म्हणाली,
"सगळं रंगवून टाकलंय."
"बरं झालं," तो म्हणाला,
आणि त्याचा चेहरा सुटला की पडला
ते मला आजतागायत कळलेलं नाही.
पिशवी देताना त्यानं तिचा तळहात पाहिला,
अंगठ्यानं फोडावरून हात फिरवला,
विचारलं काहीच नाही.

आंतरहाऊस स्पर्धा मार्चमध्ये झाल्या.
आम्ही चौथे आलो.
परतताना मुली इतक्या जोरात गात होत्या
की पहिले आलेले वळून वळून बघत होते.

सत्राच्या शेवटी गाद्या उन्हात टाकल्या
तेव्हा तिसऱ्या पलंगाखाली वाकून पाहिलं :
बारा.
फो याओ अजून विचारतो, रंधा कधी?
सुट्टीत, म्हणते मी.
पिवळ्या रंगाचा एक डबा उरलाय,
त्याचं झाकण आता निघत नाही.